विश्लेषण : स्नोमोबाइलचे हँडल हलके झाले, पण गाडी वळते का?

बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलला पॉवर स्टीअरिंग मिळून आता दीड दशक झाले. हँडल जड लागते, मनगटे भरून येतात, खांदा दुखतो, या तक्रारींवर ते चांगले उत्तर आहे, यात वाद नाही. मात्र शोरूममध्ये आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात ते ‘उत्तम हँडलिंग’ या नावाखाली विकले जाते, तेव्हा ग्राहकाची फसगत होते. हँडल हलके होणे ही एक गोष्ट आणि गाडीने वळणे ही दुसरी. दुसरी गोष्ट ठरते ती पुढच्या दोन स्की आणि त्यांच्या तळाशी असलेल्या बोटभर जाडीच्या पट्टीवर. त्यांची किंमत गाडीच्या मानाने किरकोळ असते आणि त्यांच्याकडे लक्षही तेवढेच दिले जाते.

हा प्रश्न आला कुठून?

गेल्या हिवाळ्यात मिनेसोटात भाच्याकडे होतो. त्याने आदल्याच महिन्यात चार-पाच हंगाम वापरलेली एक टूरिंग स्नोमोबाइल घेतली होती. उजवा खांदा दुखतो म्हणून मुद्दाम पॉवर स्टीअरिंग असलेली. विकणाऱ्याने हँडल एका बोटाने फिरवून दाखवले होते आणि ‘आता वळणांची चिंता नको’ असे आश्वासनही दिले होते. डुलूथपासून ग्रँड मरेपर्यंत सुपीरियर सरोवराच्या वरच्या अंगाने, जंगलातून जाणारी नॉर्थ शोअर स्टेट ट्रेल नावाची सुमारे दीडशे मैलांची वाट आहे. तिच्या एका टप्प्यावर आम्ही गेलो. मी मागच्या सीटवर होतो.

पहिल्याच मोठ्या उजव्या वळणावर त्याने हँडल वळवले. स्की वळलेल्या मला दिसल्या. गाडी मात्र जवळपास सरळच गेली आणि वाटेचा मध्य ओलांडून डावीकडे सरकली. तिकडच्या वाहतुकीत उजव्या बाजूने चालायचे असते, म्हणजे आम्ही समोरून येणाऱ्यांच्या हद्दीत होतो. पाच-सहा सेकंदांनी त्याच वळणावरून समोरून तीन गाड्यांची रांग आली. तोवर आम्ही कसेबसे आमच्या बाजूला आलो होतो. थांबल्यावर तो एवढेच म्हणाला, “मामा, हँडल एका बोटाने फिरतंय, पण गाडी ऐकतच नाही.”

संध्याकाळी गावातल्या एका वयस्कर मेकॅनिकने गाडीचे नाक उचलून धरायला लावले, हातमोजा काढला आणि स्कीच्या तळावरून अंगठा फिरवला. तिथे कार्बाइडची धार असायला हवी होती. उरली होती ती झिजून गोल झालेली लोखंडी सळई. निदान संपले. बाकी सगळे पुढे आले ते त्याच्याशी आणि नंतर इतरांशी बोलताना, आणि थोडे जुने भौतिकशास्त्र उकरून काढताना.

स्नोमोबाइलला वळवते कोण?

पुढे दोन स्की आणि मागे रबराचा एक रुंद, दातेरी ट्रॅक, एवढीच या वाहनाची मांडणी आहे. इंजिनाचा जोर फक्त ट्रॅकला मिळतो आणि ब्रेकही फक्त ट्रॅकलाच असतो. स्कींना जोरही नाही, ब्रेकही नाही. त्यांचे काम दिशा देण्याचे. मोटारीचे पुढचे चाक रस्त्याला रबराने धरून ठेवते. स्कीकडे तसे काही नसते, उलट ती घसरावी म्हणूनच बनवलेली असते. तिने पुढे घसरावे पण आडवे घसरू नये, हा विरोधाभास सोडवण्यासाठी तिच्या तळाला मधोमध उभा कणा काढलेला असतो. त्याला कील म्हणतात. होडीच्या तळालाही असाच कणा असतो. या कण्याखाली पोलादाची पट्टी बोल्टने बसवलेली असते आणि तिच्यात टंगस्टन कार्बाइडचे तुकडे जडवलेले असतात. काँक्रीटला भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या टोकाला किंवा लेथच्या हत्याराला जो कठीण पदार्थ लावतात, तोच हा. बर्फाचा कडक थर कापून त्यात रुतायचे आणि आडवे सरकू द्यायचे नाही, हे त्याचे काम.

जोर किती असतो, याचा साधा हिशेब करता येतो. गाडी, चालक आणि मागे बसलेला मिळून ३५० किलो वजन धरा. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना या वजनाला आत खेचून ठेवण्यासाठी सुमारे १,९५० न्यूटन, म्हणजे जवळपास २०० किलो वजनाइतका आडवा जोर लागतो. वेग ताशी ८० झाला की तोच आकडा ३५० किलोच्या पुढे जातो. यातला काही भाग ट्रॅक पेलतो. पण नाक आत वळवण्याचे काम पुढच्या दोन पट्ट्यांच्या काही इंच धारेलाच करावे लागते. मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर आणि गोठलेल्या तलावांवर वेगमर्यादा ताशी ५० मैलांची, म्हणजे ८० किलोमीटरची आहे. त्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी ११ मीटर पुढे जाते. वळण चुकल्यावर विचार करायला मिळतो तो एवढाच वेळ.

हँडल वळवूनही गाडी सरळ जात राहते, तेव्हा तिकडचे चालक ‘पुश’ करते म्हणतात. ट्रॅक मागून ढकलत राहतो आणि स्की खरडत पुढे जातात. यात चालकाच्या अंगठ्याचाही दोष असू शकतो. थ्रॉटल दाबला की वजन मागे जाते आणि स्की हलक्या होतात, सोडला की वजन पुढे येऊन स्की रुततात. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, शरीर आतल्या बाजूला झुकवायचे आणि वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल द्यायचा, हे पहिल्या दिवशी शिकवले जाते आणि दुसऱ्या दिवशी विसरले जाते.

हँडल जड का लागते?

अॅम्बेसेडर किंवा जुनी मारुती ८०० जागच्या जागी पार्क करताना ज्यांनी घाम गाळला आहे, त्यांना हे सांगायला नको. चाक थांबलेले असताना वळवायचे तर रबर रस्त्यावर घासत फिरवावे लागते. स्नोमोबाइलमध्ये रबराच्या जागी कार्बाइडची लांब धार असते. ती रुतलेली असताना फिरवायची म्हणजे तिची दोन्ही टोके बर्फातून आडवी ओढायची. धार जितकी लांब, कील जितका खोल आणि स्कीवर जितके वजन जास्त, तितके हँडल जड. म्हणजे ज्या गोष्टी गाडीला चांगली पकड देतात, त्याच हाताला थकवतात. हा तिढा जुना आहे. अनेक चालकांनी तो स्वतःच्या हाताच्या बाजूने सोडवला : कमी कार्बाइड, उथळ कील, पुढचे वजन कमी. हँडल हलके झाले आणि गाडी वळणावर सुटू लागली.

आणखी एक कारण स्कीच्या बसवणीत असते. हँडलचा दांडा ज्या अक्षावर फिरतो, तो कललेला असतो आणि धारेचा मध्य त्या अक्षाच्या थोडा मागे ठेवलेला असतो. त्यामुळे हँडल आपोआप सरळ होते, सायकलसारखे. हे अंतर वाढले की गाडी सरळ रेषेत शांत चालते पण हँडल जड होते; कमी झाले की हलके होते पण गाडी बिथरते.

पॉवर स्टीअरिंग नेमके काय करते?

विजेवर चालणारे पॉवर स्टीअरिंग म्हणजे ईपीएस हे मोटारींसाठी नवे नाही. १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीवर ते आले आणि आज भारतातील स्वस्तातल्या हॅचबॅकवरही असते. बर्फावर ते आणले यामाहाने, २०१० च्या आसपास. आधी टूरिंगच्या व्हेंचर मालिकेत आणि पाठोपाठ एपेक्स या चार सिलिंडरच्या गाडीवर. यामाहाने हे पाऊल उचलण्यामागे कारण होते. तिची फोर-स्ट्रोक इंजिने दणकट आणि कमी इंधनात चालणारी, पण वजनदार होती आणि ते वजन बरेचसे स्कींवर येत असे. हँडल जड असल्याची तक्रार तिच्याच ग्राहकांची सर्वांत जास्त होती. पुढे आर्क्टिक कॅटच्या टर्बो गाड्यांवरही ही सोय आली.

यंत्रणा समजायला सोपी आहे. चालक हँडलला किती पीळ देतो, हे एक सेन्सर मोजतो. छोटा संगणक तो पीळ आणि गाडीचा वेग पाहून दांड्याला जोडलेल्या विद्युत मोटरला किती मदत करायची ते सांगतो. वेग कमी असताना मदत जास्त, वेग वाढला की कमी. कारण ताशी ८० च्या वेगात फार हलके हँडल धोक्याचे. वीज गेली किंवा यंत्रणा बंद पडली, तरी हँडल आणि स्की यांच्यातील लोखंडी जोड कायम असतो. हँडल जड होते, गाडी चालवता येते.

दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. बर्फाखाली दडलेला दगड, झाडाचे मूळ किंवा रस्त्याची कड स्कीला लागली की हँडलला झटका बसतो. दिवसभरात असे शेकडो झटके मनगटात आणि खांद्यात साठतात. मोटर आणि तिचे गिअर हे झटके बरेचसे गिळून टाकतात. भाच्याचा खांदा संध्याकाळी खरोखरच दुखत नव्हता, हे इथे नोंदवायला हवे.

मग आक्षेप कशाला?

आक्षेप यंत्रणेला नाही, तिच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या समजुतीला आहे. ईपीएस हँडल फिरवायला मदत करते. बर्फ धरायला नाही. मोटर स्कीला वळवून देईल, पण वळलेली स्की आडवी घसरत असेल तर तिला थांबवणारे काही त्या मोटरमध्ये नाही. २०० किलोचा तो आडवा जोर धारेनेच पेलायचा आहे.

त्याहून अडचणीची बाब म्हणजे ईपीएस दोष झाकते. साध्या गाडीत हँडल अचानक हलके लागले तर अनुभवी चालक सावध होतो : स्की सुटत आहेत, बर्फ घट्ट झाला आहे किंवा कार्बाइड संपत आले आहे. ही खबर हाताला मिळते. ज्या गाडीत हँडल नेहमीच हलके असते, तिथे ही खबर दबून जाते. भाच्याला आपल्या पट्ट्या संपल्याचे कळले नाही, यात त्याच्या नवखेपणाइतकाच त्या मऊ हँडलचाही हात होता, असे माझे मत आहे. त्याच गाडीत ईपीएस नसते आणि पट्ट्या तशाच झिजलेल्या असत्या, तर पहिल्या शंभर मीटरमध्येच ‘हे काहीतरी वेगळे आहे’ असे निदान मागे बसलेल्या मला तरी त्याने सांगितले असते.

पैशांचा हिशेबही पाहा. ईपीएस बाजारातून आणून जुन्या गाडीवर सहज चढवण्यासारखी वस्तू नाही. ती हवी तर ती असलेलीच गाडी घ्यावी लागते आणि नव्या चांगल्या गाडीला पंधरा-वीस हजार डॉलर पडतात. स्कीची नवी जोडी काही शे डॉलरमध्ये येते, कार्बाइडच्या पट्ट्या त्याहून खूपच कमी किमतीत. एखाद्याची गाडी वळणावर सुटत असेल आणि तो गाडी बदलायच्या विचारात असेल, तर त्याने आधी हा किरकोळ खर्च करून पाहावा. ‘हँडलिंगसाठी पॉवर स्टीअरिंग घ्या’ हा सल्ला देणाऱ्या विक्रेत्याला ‘आधी पट्ट्या दाखवा’ असे सांगण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

स्की निवडायच्या कशा?

इथे सगळ्यात आधी स्वतःला विचारायचा प्रश्न : आपण चालवतो कुठे? गट्स, रंग, जाहिरातीतली उडी मारणारी गाडी हे सगळे नंतर. मिनेसोटात सुमारे २२ हजार मैलांच्या ट्रेल आहेत. त्यांची निगा बहुतांशी स्थानिक क्लब राखतात. रात्री मोठे ग्रूमर यंत्र फिरवून बर्फ दाबला जातो आणि सकाळपर्यंत तो घट्ट बसतो. अशा कडक वाटेवर स्की तरंगायची गरजच नसते. तिला रुतायचे असते. म्हणून ट्रेलच्या स्की अरुंद, साधारण सहा इंचांच्या आत-बाहेर, आणि खोल कीलच्या असतात. रॉकी पर्वतात, कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात चालवणाऱ्याची गरज नेमकी उलटी. तिथे नाक बुडता कामा नये. म्हणून स्की सात-आठ इंच किंवा त्याहून रुंद, कील उथळ. डोंगरउतारावर गाडी एका कुशीवर कलती ठेवून आडवे जायचे असते, त्यासाठी दोन स्कींमधले अंतरही कमी ठेवतात : ट्रेलच्या गाडीला ४२-४३ इंच, डोंगरी गाडीला ३६ च्या आसपास. डोंगरात चालवणारे अनेक जण ईपीएसला नाक मुरडतात. त्यांना काही किलोंचे जादा वजन नको असते आणि हाताला येणारा बर्फाचा अंदाजही गमवायचा नसतो. त्यांचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबर आहे. चूक होते ती डोंगरी स्की पाहून भुरळलेल्या ट्रेलवाल्याची. रुंद स्की कडक वाटेवर नुसत्या खरडत राहतात.

कील किती खोल, हा पुढचा मुद्दा. खोल कील वळणात धरतो, पण हँडल जड करतो. पूर्वी इथे तडजोड करावी लागत असे, आता ईपीएस असलेल्या गाडीत तेवढी करावी लागत नाही. पॉवर स्टीअरिंगचा हँडलिंगला खरा उपयोग कुठे होतो, तर इथे. हात थकणार नाहीत म्हणून चालक अधिक खोल कील आणि अधिक लांब कार्बाइड बिनधास्त लावू शकतो. म्हणजे ईपीएस घेतलेल्याने स्कीकडे जास्त लक्ष द्यायला हवे. प्रत्यक्षात तोच सगळ्यात कमी देतो. स्की-डूच्या पायलट टीएस प्रकारच्या स्कीमध्ये पट्टी किती खाली यावी हे कमी-जास्त करता येते. सकाळच्या कडक बर्फात एक आणि दुपारच्या मऊ बर्फात दुसरे, असे ज्याला हवे असते त्याच्यासाठी ती सोय उपयोगी आहे. बाकीच्यांनी एकच मध्यम खोलीची स्की घेऊन तिची सवय करावी.

आता ‘डार्टिंग’बद्दल, कारण तक्रार करणारे बहुतेक लोक खरे तर याच्याबद्दल बोलत असतात. शनिवार-रविवारी वाटेवरून शेकडो गाड्या जातात आणि त्यांच्या कार्बाइडने बर्फात चर पडतात. आपल्या स्कीचा एकमेव कणा त्या चरात शिरला की गाडी चराच्या मागे जाते; डावीकडे हिसका, मग उजवीकडे. पावसाळ्यात बैलगाडीच्या चाकोरीत सायकल घातलेल्यांना हा हिसका ओळखीचा वाटेल. ईपीएस तो हाताला कमी जाणवू देते आणि काही अंशी थोपवतेही, पण मूळ कारण तसेच राहते. त्यावर उपाय आहे दुहेरी धारेचा : एका कण्याऐवजी दोन समांतर धारा असलेल्या पट्ट्या, किंवा दोन कील असलेल्या सिमन्ससारख्या स्की. दोन धारांची जागा इतरांनी पाडलेल्या चरांशी जुळत नाही, त्यामुळे गाडी त्यांच्यात अडकत नाही. याची किंमत मोजावी लागते ती पुन्हा थोड्या जड हँडलने. ईपीएस आणि दुहेरी धार यांची जोडी त्यामुळेच चांगली जमते. ट्रेलवर लांबचा प्रवास करणाऱ्याने दुसरे काही घेतले नाही तरी चालेल, एवढे हे महत्त्वाचे आहे.

विकत घेण्याआधी फुकटचे उपाय संपवावेत. स्की एकमेकींशी कशा बसल्या आहेत ते पाहावे. हँडल सरळ धरून ट्रॅकच्या कडेला लांब सरळ पट्टी लावायची आणि स्कीच्या पुढचे व मागचे अंतर मोजायचे. पुढची टोके मागच्यापेक्षा किंचित, काही मिलिमीटर, बाहेर असावीत. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. टोके आत वळलेली असतील तर गाडी कोणत्याही स्कीवर बिथरणार. स्की आणि तिच्या खुरामध्ये रबराचा एक ठोकळा असतो. तो फाटला किंवा दबला की स्कीचे नाक जास्त दाबले जाते आणि डार्टिंग सुरू होते. सांध्यांत खेळ आला आहे का, हे स्की हाताने हलवून कळते. मागच्या सस्पेन्शनच्या पुढच्या भागात एक पट्टा असतो, तो आखडला की स्कींवर वजन वाढते आणि सैल केला की कमी होते. हे सगळे काम एका संध्याकाळचे आहे. फक्त एका वेळी एकच बदल करावा आणि त्याच वळणावर जाऊन पाहावा. तीन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

ट्रॅकच्या खिळ्यांचे गणितही याच्याशी जोडलेले आहे. बर्फाळ तलावावर पकड मिळावी म्हणून बरेच जण ट्रॅकला धातूचे खिळे मारतात. मागची पकड वाढली आणि पुढे कार्बाइड तेवढेच राहिले, की ट्रॅक स्कींना ढकलत सरळ नेतो. उलट पुढे भरपूर कार्बाइड आणि मागे काहीच नाही, तर वळणात शेपूट सुटते आणि गाडी गिरकी घेते. दोन्हीकडचा तोल सांभाळावा लागतो. मिनेसोटात डांबरी पृष्ठभागाच्या सार्वजनिक ट्रेलवर खिळ्यांना बंदी आहे, हेही खिळे मारण्याआधी पाहावे.

बर्फ कमी पडतो तेव्हा

२०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटात विलक्षण उबदार गेला. कित्येक ट्रेल जेमतेम उघडल्या. त्याच जानेवारीत गुलमर्गची मैदानेही तपकिरी दिसत होती आणि ती छायाचित्रे आपल्याकडच्या वृत्तपत्रांत छापून आली होती. बर्फ पातळ असला की कार्बाइड खडी, माती आणि रस्त्यांच्या डांबरावर घासते. चांगल्या बर्फात दीर्घकाळ टिकणारी पट्टी अशा हंगामात पाहता पाहता संपते. त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्याने किती मैल झाले एवढेच न विचारता कोणत्या हिवाळ्यात झाले हेही विचारावे. शिवाय ज्या कंपनीने बर्फावर ईपीएस आणले, त्या यामाहाने १९६८ पासूनचा हा व्यवसाय थांबवत असल्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. उत्तर अमेरिकेसाठी २०२५ चे मॉडेल शेवटचे. जुन्या बाजारात तिच्या ईपीएस असलेल्या गाड्या पुढची अनेक वर्षे फिरत राहतील आणि ‘हँडल एका बोटाने फिरते’ हे वाक्यही.

पॉवर स्टीअरिंग कोणाला हवेच?

याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे, नाहीतर हा लेख ईपीएसच्या विरोधात आहे असे वाटेल. ज्याचा खांदा किंवा मनगट दुखावलेले आहे, ज्याच्या हातात वयामुळे किंवा शरीरयष्टीमुळे ताकद कमी आहे, जो दिवसाला दीडशे-दोनशे मैल जातो, त्याने ते घ्यावे. थकलेला हात उशिरा वळतो आणि उशीर तर परवडत नाही. ज्यांचे पोट या गाडीवर आहे त्यांच्यासाठी तर ती चैन नाही. उत्तर फिनलंडमधील सामी रेनडिअरपालकांनी १९६० च्या दशकात स्नोमोबाइल स्वीकारली, तेव्हापासून कळप हाकणे म्हणजे दिवसचे दिवस हँडल धरून बसणे झाले. बचाव पथके आणि अंटार्क्टिकातील संशोधन तळ यांचेही तसेच. भारताच्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या तळांचा कारभार गोव्यात वास्कोमधून चालतो, तेव्हा हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. क्यूबेकमधील जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे रुग्णालयात पोहोचू शकला नाही आणि दगावला. बर्फावर चालणारे वाहन बनवण्याच्या त्यांच्या खटपटीला त्यानंतर वेग आला आणि १९३७ मध्ये सात जणांची बी-७ गाडी निघाली. हे वाहन मुळात गरजेचे आहे. माझी तक्रार असलीच तर ही की, ईपीएस महागड्या गाड्यांपुरते राहिले आणि ज्यांना त्याची खरी गरज आहे अशा साध्या कामाच्या गाड्यांवर ते सर्रास दिसायला हवे होते.

गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईहून हिवाळ्यात काश्मीरला जाणाऱ्यांपैकी अनेक जण गुलमर्गला स्नोमोबाइलवर बसतात. चालक बहुधा पुढे असतो, पण थोडे अंतर आपल्याला हँडल धरू देतो, कारण फोटो काढायचा असतो. तिथे पहिल्यांदा हँडल हातात आलेला माणूस हमखास एक चूक करतो : वळताना घाबरून मूठ आवळतो आणि अंगठ्याने थ्रॉटल तसाच दाबलेला राहतो. स्की हलक्या होतात, गाडी सरळ जाते, आणि ‘हँडल फार जड आहे’ अशी तक्रार होते. अंगठा सैल सोडा, वेग पडू द्या, शरीर आत झुकवा आणि मग वळवा. बसण्याआधी खाली वाकून स्कीच्या तळाकडे एक नजर टाकायलाही हरकत नाही. धार दिसली तर बरे. गुळगुळीत सळई दिसली तर चालकालाच चालवू द्या आणि फोटो थांबलेल्या गाडीवर काढा.

भाच्याच्या गाडीला त्या मेकॅनिकने दुहेरी धारेच्या पट्ट्या बसवल्या, उजव्या स्कीखालचा दबलेला रबरी ठोकळा बदलला आणि आत वळलेली टोके सरळ केली. तासाभराचे काम होते. दुसऱ्या दिवशी त्याच उजव्या वळणावर आम्ही मुद्दाम परत गेलो, वेग आधीच कमी केला आणि आमच्या बाजूनेच बाहेर पडलो. हँडल आदल्या दिवसापेक्षा थोडे जड लागत असल्याचे तो म्हणाला.